हात लावण्याआधी

४ मार्च

मावशी,

नमस्कार आधीच करून टाकतो, नाहीतर म्हणशील, काम निघालं की भाच्याला मावशी आठवते. काम निघालंय हे खरंच आहे. फोन करणार होतो, पण घंटी वाजली की काका दचकतात म्हणून तू फोन काढून ठेवला आहेस, असं तुझी लेक, म्हणजे आमची ताई, म्हणाली. म्हणून लिहायला बसलोय. शाळा सुटल्यापासून एवढं मोठं काही लिहिलेलं नाही, तेव्हा लाल पेन जरा लांब ठेव.

आमच्या तबेल्यात एक घोडी आलीय. वयस्कर, राखी रंगाची, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. तिचे मालक म्हणजे जहाजावरून निवृत्त झालेले एक स्वयंपाकी. ते अचानक गेले आणि तिला बघणारं कुणी उरलं नाही, म्हणून आमचे शेठ तिला घेऊन आले. कुणाला जवळ फिरकू देत नाही, म्हणून आम्ही तिला बाईसाहेब म्हणतो. बाईसाहेबांचे खूर इतके वाढलेत की कडांना चिरा पडल्यात, आणि ते तासायचं काम माझ्या गळ्यात आलंय.

आजवर मी भलेभले लाथाडे घोडे धरलेत. पण हिच्या पायाला हात लागायचा अवकाश, की सगळं अंग उसळतं. मोतद्दाराला तिनं भिंतीशी असं दाबलं की तो बिचारा अजून एकाच कुशीवर झोपतो. गुंगीचं इंजेक्शन एकदा देऊन पाहिलं, तर उठेचना. डॉक्टरीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा गुंगी नाही, आणि महिनाअखेरपर्यंत खूर झाले नाहीत तर ती उभी राहू शकणार नाही, मग मी तिला तशी तडफडत ठेवणार नाही. हे त्या इतक्या हळू बोलल्या की पुढचं विचारायची गरज उरली नाही.

आता तुझा संबंध कुठे येतो ते सांगतो. ते स्वयंपाकीबुवा फ्रेंच बोलणारे. तिच्या जुन्या तबेल्यात मी गेलो होतो, तर दाण्याच्या डब्यापासून दरवाजापर्यंत सगळीकडे फ्रेंच पाट्या. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आंधळ्या जनावराला हात लावण्याआधी आवाज द्यायचा, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, आणि आम्ही देतोही. पण हिला आपली भाषा कळतच नसेल तर आमचा आवाज म्हणजे नुसता कालवा. तू जन्मभर फ्रेंच शिकवलंस. मला चार वाक्यं पाठव. हात लावण्याआधी, आता मी काय करणार आहे, ते तिला सांगायचंय. उच्चार आपल्या अक्षरांत लिही.

तुझा,
नालबंद भाचा


११ मार्च

चिरंजीव नालबंद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मावशी म्हणून आणि एकदा मास्तरीण म्हणून. मास्तरणीनं नऊ चुका काढल्या, मावशीनं त्या माफ केल्या. जन्मभर मी डॉक्टरांची पोरं शिकवली, वकिलांची पोरं शिकवली. घोडी पहिलीच. फी काय लावू ते कळवते.

तुला हवाय तो काळ सगळ्यांत सोपा, आणि माझा सगळ्यांत लाडका. याला जवळचा भविष्यकाळ म्हणतात. त्यात ‘जाणे’ हे क्रियापद घ्यायचं आणि माणसाप्रमाणे चालवायचं: झ वे, त्यु वा, इल वा. मी जातो, तू जातोस, तो जातो. तुला फक्त ‘झ वे’ लागेल, कारण घोडीशी तू स्वतःबद्दलच बोलणार. त्यापुढे जे काम करायचं त्याचं मूळ रूप ठेवायचं, जसं शब्दकोशात असतं तसं, न वाकवता. ‘लवे’ म्हणजे उचलणे. झ वे लवे तों प्ये: मी तुझा पाय उचलणार आहे. ‘तुशे’ म्हणजे हात लावणे, ‘कुपे’ म्हणजे कापणे. यात जाणं नावालाच आहे, कुणी कुठे जात नाही. मुलं हमखास एक चूक करतात, ‘जाणे’ चालवलं तसं दुसरं क्रियापदही चालवायला जातात. एकानं चालायचं, दुसऱ्यानं उभं राहायचं. तुमच्या धंद्यातही तसंच असेल, एक माणूस हलतो आणि एक धरून उभा राहतो.

आणि हा काळ वापरायचा कशासाठी? जे उंबऱ्यापाशी आलंय त्यासाठी. कधीतरी मी मोठा होईन, कधीतरी घर बांधीन, त्याला वेगळा भविष्यकाळ आहे. हा मात्र, माणूस उठलाय, हात पुढे झालाय, आता होणारच, अशा गोष्टींसाठी. मी वर्गात सांगायची, करणार नसाल ते या काळात बोलू नका.

घरचं म्हणशील तर ठीक. काकांची उजवी बाजू तशीच लुळी आहे. बोलणं गेलं ते गेलंच. कळतं किती, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आजारपणाच्या सुरुवातीला निदान अंग पुसूबिसू द्यायचे. मध्यंतरी ताई आली होती. तिनं माझी कंबर पाहिली आणि काळजीत पडली. आम्ही दोघी त्यांच्या पलंगाशी बसूनच खूप वेळ बोललो. तिच्या ओळखीची एक चांगली संस्था आहे, तिथे अशा माणसांना नीट सांभाळतात. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण हल्ली ते हात लावू देत नाहीत. उचलायला गेले की अंग ताठ करतात, डाव्या हातानं पलंगाची कड पकडतात ती सुटता सुटत नाही. एवढा मोठा माणूस, माझ्या एकटीच्यानं कसा उचलला जावा? बहुतेक ताईचं ऐकावं लागेल.

जाऊ दे. वाक्यं मोठ्यानं म्हण, आरशासमोर.

मावशी


१८ मार्च

मावशी,

आरसा आमच्याकडे नाही, पाण्याच्या टाकीसमोर म्हटली. मोतद्दाराला वाटलं मला उन्हाचा त्रास झालाय.

पहिल्या दिवशी मी तीच चूक केली, दोन्ही क्रियापदं चालवली. बाईसाहेबांनी हरकत घेतली नाही, पण पायही दिला नाही. दुसऱ्या दिवशी मी खांद्यापाशी उभा राहिलो आणि म्हटलं, झ वे तुशे. मग हात ठेवला आणि तिथेच थांबलो. पुढचं वाक्य आठवेना. चिठ्ठी खिशात, हात घोडीवर. मी तसाच खांब होऊन उभा. तिचे कान माझ्याकडे वळले. बऱ्याच वेळानं आठवलं, मग म्हटलं आणि पाय उचलला. मावशी, तिनं तो दिला. श्वास जोरात सोडला, पण पाय दिला. मी फक्त चिखल काढला आणि हळूच खाली ठेवला. लालूच धरली नाही.

तुझे किती आभार मानू? मोतद्दारानं तर तुला न बघता हात जोडले.

आता एक अडचण. खूर घासायची कानस दिसत नसली तरी तिचा आवाज येतो, आणि त्या आवाजाला ती घाबरते. मला तिला सांगायचंय की मी तुला दुखवणार नाही. ‘नाही’ कुठे घालायचं? पुढे घातलं, मागे घातलं, कसंही वेडंवाकडंच वाटतं.

काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी इथून सुटलो असतो तर आलो असतो. महिनाअखेरीची मुदत डोक्यावर टांगलेली आहे. ताई म्हणते ते तुझ्या भल्याचंच आहे गं. कंबर गेली तर तुला कोण बघणार?

तुझा,
नालबंद


२३ मार्च

चि. नालबंद,

‘नाही’चे दोन तुकडे असतात, ‘न’ आणि ‘पा’. दोघांच्या मध्ये ‘जाणे’ उभं करायचं, आणि मुख्य क्रियापद मोकळं बाहेर. झ न वे पा त फेर माल. मी तुला दुखवणार नाही. हे वाक्य जपून वापर. नालबंदाला ते पाळता येईल का, याचा आधी विचार कर. येत नसेल तर बोलू नकोस.

पत्र थोडक्यात आवरते. आज सकाळी त्यांना पुसायला गेले, तर त्यांनी घमेलं उडवलं. गादी, मी, भिंत, सगळं भिजलं. रागावले नाही, रागवायचंही त्राण नव्हतं. फरशी पुसता पुसता रडले आणि मग स्वतःच्याच रडण्याचा राग आला.

ताईला निरोप पाठवलाय. संस्थेत खाट मिळतेय, ती पाच तारखेला गाडी घेऊन येईल. तोवर त्यांचे कपडे नीट करून ठेवते. तुझे काका नेहमी म्हणायचे, मला विचारल्याशिवाय माझ्या कपाटाला हात लावू नकोस. आता विचारायचं तरी कुणाला? कपाट उघडलं तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. त्यांना काय कळतंय, म्हणून मी काही बोलले नाही.

घोडीचं कळव. निदान तुला तरी यश येऊ दे.

मावशी


३० मार्च

मावशी,

झाले. चारही खूर झाले. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या, पाठीवर थाप मारली. माझ्या, घोडीच्या नाही. बाईसाहेब काल उन्हात चार पायांवर नीट उभ्या होत्या, आणि आमचे शेठ, जे कुणाला चहा पाजत नाहीत, त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. मी तुझं नाव घेऊन प्यायलो. आई गेल्यापासून कुणाला एवढं मनापासून ‘बरं झालं तू आहेस’ असं म्हटलं नव्हतं. ते आज म्हणतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. तू बसली आहेस ना? घोडीला फ्रेंच येत नाही.

स्वयंपाकीबुवांची धाकटी बहीण सामान न्यायला आली होती. मी आपला रुबाबात तिच्यासमोर वाक्यं म्हणत मागचा डावा पाय उचलून दाखवला. ती हसून हसून खालीच बसली. म्हणाली, ही घोडी भावानं गेल्या थंडीत बाजारातून घेतली, तुमचीच भाषा बोलणाऱ्या लोकांकडून. त्याच्याशी तिचं कधी जमलंच नाही, तो तिच्याशी बोलायचाही नाही. पाट्या त्याच्या स्वतःच्या विसरभोळेपणासाठी होत्या. मोतद्दार माझ्याकडे असं बघत होता, की मला वाटलं तिथल्या तिथे गवताखाली शिरावं.

मग ही पाय कशामुळे द्यायला लागली? मी दोन दिवस तेच डोक्यात घोळवतोय. सांगतो, बरोबर वाटतंय का बघ. आपल्या भाषेत मी घोड्याशी काय बोलतो? हो हो, काही नाही, काही नाही, शांत राहा. असं म्हणता म्हणता पाय धरतो, सुरी काढतो. ‘काही नाही’ म्हणतो आणि खूर कापतो. तोंड एकीकडे, हात दुसरीकडे. तुझ्या भाषेत मला मोजकीच वाक्यं येत होती. हात लावणार म्हटलं की हातच लावायचा, पुढचं वाक्य आठवेपर्यंत पुढचं काही करायचंच नाही. जे बोललो तेवढंच झालं, आणि जे बोललो नाही ते झालं नाही. तिला हात नको होते असं नाही. कुठला हात कशासाठी येतोय हेच कळत नव्हतं, म्हणून प्रत्येक हात तिला सुरीचा वाटत होता.

काल तीच वाक्यं आपल्या भाषेत म्हणून पाहिली, तशीच सावकाश. मी तुझा पाय उचलणार आहे. तिनं वजन दुसरीकडे टाकलं आणि मी वाकायच्या आत पाय उचलून धरला. मी तो घेतला आणि बराच वेळ नुसता मांडीवर ठेवून बसलो.

तरी फ्रेंचची फी तुला मिळणारच. काय हवं ते सांग. पाच तारखेला मी तुझ्याबरोबर असायला हवं होतं, पण शेठ सोडत नाहीत. ताई आहे ना सोबत.

तुझा,
नालबंद


१४ एप्रिल

माझ्या लाडक्या नालबंदा,

उत्तराला उशीर झाला. का ते वाचशील तेव्हा कळेल.

तुझं पत्र आलं तेव्हा मी त्यांच्या पलंगाशी बसले होते. पहिल्यांदा मीही हसले, मोठ्यानं. ‘प्रत्येक हात तिला सुरीचा वाटत होता’ इथवर आले आणि पुढे वाचवेना. कागद खाली ठेवला. ते छताकडे बघत होते. मी म्हटलं, अहो, मी आता तुमचा डावा हात पुसणार आहे. आणि थांबले. तू विसरलास म्हणून थांबलास, मी मुद्दाम थांबले. स्वतःचाच आवाज खोटा वाटत होता, रिकाम्या वर्गात बोलल्यासारखा. मग हात पुसला, फक्त हात, आणि टॉवेल बाजूला ठेवला. त्यांनी कड पकडली नाही.

पहिल्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशी पाठ. अंग ताठ झालं, मी थांबले, पुन्हा सांगितलं, सैल झालं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, तुम्हाला उठवून बसवणार आहे, आणि हात घालायच्या आतच त्यांनी डावी टाच गादीत रोवली. मी ओढलं, त्यांनी ढकललं. महिनाभरात पहिल्यांदा माझी कंबर दुखली नाही. अरे, ते जड नव्हतेच. ते विरोध करत होते म्हणून जड होते.

पण विरोध कशाला, हे मला कळेना. सुरुवातीला तर करत नव्हते. मग चार तारखेला सकाळी मी विचार केला, हात पुसायचा तो सांगते, पाय हलवायचा तो सांगते, आणि उद्या एवढी मोठी गाडी दारात येणार ती सांगितली का? कोणी सांगितली? आम्ही दोघी त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याबद्दल बोललो, पण त्यांच्याशी एक अक्षर नाही.

खुर्ची ओढली आणि समोर बसले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी. म्हटलं, अहो, उद्या ताई येणार आहे. ती तुम्हाला एका संस्थेत न्यायचं म्हणते. आम्ही इथे बसून बोललो होतो, ते तुम्ही ऐकलंत का? त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मी विचारलं, मी उचलायला आले की तुम्हाला वाटायचं का, की हिनं न्यायलाच उचललंय? त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर आला, नालबंदा, आणि त्यांना रडू फुटलं. आवाज नाही, नुसतं पाणी. दिवसातून किती वेळा मी त्यांना उचलत होते. तितक्या वेळा त्या माणसाला वाटलं असेल, आता निघालो.

मी मग ते दोन तुकड्यांचं ‘नाही’ आठवलं, आणि तुला लिहिलं होतं तसा आधी विचार केला, पाळता येईल का. कंबरेला विचारलं, स्वतःला विचारलं. मग बोलले. मी तुम्हाला पाठवणार नाही.

ताई आली ती पाच तारखेला, गाडी घेऊन, डोळे सुजवून. तिलाही सोपं नव्हतं. मी तिला म्हटलं, आधी त्यांना सांग तू काय करणार आहेस, मग हात लाव. ती म्हणाली, आई, त्यांना कळतं का? मी म्हटलं, विचार. तिनं विचारलं, आणि तिच्या बाबांनी तिच्याकडे असं रोखून पाहिलं, की पोरगी लहानपणी खोड्या काढल्यावर व्हायची तशी लाल झाली. संस्थेतली खाट परत केली. ती आता शनिवारी-रविवारी येते, आणि सकाळी त्यांना उठवायला एक बाई लावली आहे. त्या बाईलाही मी पहिलाच धडा हा दिला. ती म्हणते, तुमच्या घरात सगळं आधी जाहीर करून होतं.

फी विचारलीस. इतकी वर्षं शिकवलं, पोरांना मार्क पडले, मला भेटवस्तू मिळाल्या, पण माझाच लाडका काळ माझ्याच घरात कुणी मला वापरून दाखवला नव्हता. तो तू आणि तुझ्या आंधळ्या बाईसाहेबांनी दाखवलात. तिचे खूर पुढच्या महिन्यात पुन्हा तासायचे असतील ना? तेव्हा माझ्या वतीनं तिच्या मानेवरून हात फिरव. आधी सांग तिला, कोणाच्या वतीनं ते.

आता पुरे करते. त्यांना सांगून आले होते, एवढं पत्र लिहिणार आहे आणि मग तुमच्याजवळ येऊन बसणार आहे. आतून त्यांनी पलंगाची कड दोनदा वाजवली. म्हणजे, झालं का?

तुझी,
मावशी